चेनचा मळ

'डिग्रीजर' हा शब्द आमच्या घरात फार उशिरा आला. माझ्या वडिलांचे, म्हणजे अब्बांचे, सोलापुरात विजापूर वेशीच्या बाजूला सायकल दुरुस्तीचे दुकान होते. चाळीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी ते चालवले. तेल काढणाऱ्या द्रवाला त्यांच्या भाषेत एकच नाव होते, रॉकेल. चेन धुवायची रॉकेलने, फ्रीव्हील बुडवायचे रॉकेलमध्ये, छरे चाळायचे रॉकेलमध्ये आणि संध्याकाळी हातही धुवायचे रॉकेलनेच. आता त्या दुकानात माझा धाकटा भाऊ बसतो. रॉकेल मिळेनासे झाले तेव्हा त्याने बाजारातून वेगवेगळ्या प्रकारचे चार द्रव आणले आणि निवडीचे काम माझ्यावर सोपवले. "आपा, तुम साइन्स पढाते ना? तुमीच बोलो, कौनसा लेना." मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. शिवाय लहानपणी शाळा सुटल्यावर याच दुकानात बसून छरे मोजलेले आहेत. त्यामुळे नाही म्हणायला जागा नव्हती.

बाटली निवडण्याआधी चेनला साफ का करायचे ते कळायला हवे. ज्या बुश-रोलर चेनच्या घराण्यातली आजची सायकलची चेन आहे, तिचे पेटंट हान्स रेनॉल्ड यांनी १८८० साली इंग्लंडमध्ये घेतले. दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. कामगाराच्या जुन्या काळ्या सायकलीपासून ते गिअरच्या महागड्या सायकलीपर्यंत हे अंतर आजही बहुतेक तेच आहे. एका चेनमध्ये शंभरेक कड्या. प्रत्येक कडीला पिन, पिनेवर फिरणारा रोलर आणि दोन्हीकडे पट्ट्या. पायाचा सगळा जोर या बारीक पिनांवर येतो. म्हणून तेल हवे असते ते आत, पिन आणि रोलरच्या मध्ये. बाहेरून दिसणाऱ्या तेलाचा काही उपयोग नसतो, ते फक्त धूळ धरते.

सोलापुरात धुळीला तोटा नाही. काळ्या मातीची भुकटी आहे, रस्त्यावरची खडी आहे, आणि पॉवरलूमच्या गल्ल्यांतून उडणारा सुताचा केरही आहे. चादरी विणणाऱ्यांच्या सायकली दुकानात आल्या की फ्रीव्हीलच्या दातांत काळा कापूस भरल्यासारखा दिसायचा. तेलात ही धूळ कालवली की पॉलिश पेपरने घासावे तसे काम ती करते. पिना झिजतात, प्रत्येक सांध्यात केसाएवढी फट पडते आणि चेन लांब होते. लोक म्हणतात चेन ताणली. चेन ताणली जात नाही, ती आतून झिजते.

अब्बा हे मोजून दाखवत. लोखंडी पट्टी घ्यायची, शून्यावर एका पिनेचा मध्य धरायचा आणि चोवीस कड्या मोजायच्या. नवी चेन बरोबर १२ इंच भरते. एक सोळांश इंच जास्त भरली की चेन बदलायची वेळ झाली. एक अष्टमांश इंच जास्त भरली, तर तिने फ्रीव्हीलचे आणि पुढच्या चेनव्हीलचे दातही खाल्लेले असतात आणि नुसती चेन बदलून भागत नाही. रोज विडी वळणाऱ्या बायकांचा माल पोचवणारा माणूस असो की मिलमधला कामगार, त्याच्या दृष्टीने या दोन मापांमध्ये दोन-तीन दिवसांच्या मजुरीचा फरक असे. म्हणून अब्बा गिऱ्हाइकाला आधी पट्टी दाखवत आणि मग पैसे सांगत.

रॉकेल या कामाला चांगले होते, यात शंका नाही. चेनचे ग्रीस आणि ऑइल खनिज तेलापासून झालेले. रॉकेलही त्याच कुळातले. जातीत जात मिसळावी तसे ते तेलात मिसळते आणि मळ सुटा करते. त्यात पाणी नसते म्हणून गंज चढत नाही. रेशनवर मिळे म्हणून स्वस्तही होते. रेशनचे रॉकेल निळे असे. डिझेलमध्ये भेसळ करणाऱ्यांना पकडता यावे म्हणून सरकार त्यात रंग घाली. आमच्या कार्डावरचे रॉकेल अम्मीच्या स्टोव्हला आणि अब्बांच्या परातीला वाटून जाई. महिनाअखेरीला दोघांत कुरबूर होई. सायकल 'ओव्हरऑयलिंग'ला आली की अब्बा परातीत वाटीभर रॉकेल ओतत. तेच रॉकेल चार दिवस चाले. रात्री ते बाटलीत भरून ठेवत. सकाळपर्यंत गाळ तळाशी बसे, मग वरचे निवळ पुन्हा वापरायचे.

पेट्रोलला मात्र दुकानात बंदी होती. कोणी घाईचे गिऱ्हाईक "थोडं पेट्रोल मारा की" म्हणाले तर अब्बा हात जोडत. त्यांचे कारण अनुभवाचे होते, शाळेत मी त्याचे आकडे शिकले. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपासही ठिणगीने पेट घेऊ शकते. रॉकेलला त्यासाठी साधारण ३८ अंश लागतात. पण सोलापूरचा पारा मे महिन्यात चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या दुकानात दुपारी रॉकेलसुद्धा ती मर्यादा ओलांडून बसलेले असते. म्हणूनच आमच्या दुकानात विडी पेटवायला कोणालाही परवानगी नव्हती, मग तो कितीही जुना दोस्त असो.

आता हातांविषयी. जो द्रव ग्रीस विरघळवतो तो कातडीतला आणि कातडीवरचा स्निग्ध अंशही ओढून घेतो. तो चेनची चरबी आणि माणसाची चरबी असा भेद करत नाही. अब्बांच्या तळव्यांना बारमाही भेगा असत. हिवाळ्यात त्यांतून रक्त येई. रात्री अम्मी खोबरेल तेल कोमट करून देई आणि ते हात पुढे करून गप्प बसत. त्यात भर म्हणजे दिवसातून अनेकदा हात साफ करण्याची गरज. वजू करताना पाणी कातडीपर्यंत पोचले पाहिजे. ग्रीसचा थर असेल तर ते पोचत नाही. म्हणून जोहरच्या आधी रॉकेल, असरच्या आधी रॉकेल, मग वासासाठी दोनदा साबण. जुम्म्याच्या दिवशी तर ते नखांच्या कडा ब्रशने घासत. सफेत उभे राहिल्यावर शेजारच्याला रॉकेलचा वास येऊ नये याची त्यांना फार काळजी. भोवतालच्या गल्लीतले सगळेच मिस्तरी, गॅरेजवाले, प्रेसवाले अशाच हातांनी मशिदीत येत. त्या हातांकडे पाहून माणूस कोणत्या धंद्यातला ते ओळखता येई.

२०१८ च्या सुमारास आमच्या रेशन दुकानात अंगठा घेणारे यंत्र आले. अब्बा रांगेत उभे राहिले, अंगठा ठेवला. यंत्राने नकार दिला. पुसून ठेवला, नकार. दुसरे बोट, तिसरे बोट. दहाही बोटे झाली. मागे उभे असलेले लोक कुरकुरू लागले. दुकानदाराने त्यांचा हात उलटून पाहिला आणि म्हणाला, "चाचा, तुमच्या बोटांवर रेषाच नाहीत." ते त्या दिवशी रिकामी पिशवी घेऊन घरी आले. पुढे घरातल्या दुसऱ्या माणसाच्या अंगठ्यावर धान्य मिळू लागले, तेव्हा अडचण सुटली. पण अब्बा कित्येक दिवस आपला अंगठा खिडकीच्या उजेडात धरून पाहत. केवळ रॉकेलने त्या रेषा पुसल्या असे मी म्हणणार नाही. पान्ह्याची घासण, पॉलिश पेपर, चुनखडी, वय, सगळ्यांनी आपापला वाटा घेतला असणार. पण ज्या दुकानातून चाळीस वर्षे निळे रॉकेल आणले, त्याच दुकानात हा हात ओळखला जाऊ नये, हे त्यांना लागले.

तोपर्यंत रॉकेलही ओसरत चालले होते. स्वयंपाकाचा गॅस घरोघर आला. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि रेशनचे रॉकेल कमी कमी होत गेले. आमच्या दुकानाला ते मिळणे थांबले. दुसरीकडे २०२० च्या टाळेबंदीनंतर गिअरच्या सायकली वाढल्या. डॉक्टर, वकील, कॉलेजची पोरे सकाळी सायकल फिरवू लागली. या सायकलींचे भाग ॲल्युमिनियमचे, मागे आठ-दहा दातेरी चकत्या आणि डिस्क ब्रेक. त्या ब्रेकच्या पॅडवर तेलाचा किंवा डिग्रीजरचा थेंब उडाला तरी ब्रेक धरत नाही, किंचाळतो. परातीत रॉकेल ओतून काम उरकण्याचे दिवस तसेही संपत आले होते.

भावाने आणलेल्या चारही द्रवांची मी शाळेच्या पद्धतीने परीक्षा घेतली. एक जुनी, मळलेली चेन तोडून चोवीस कड्यांचे चार तुकडे केले. चार काचेच्या बरण्या घेतल्या. प्रत्येकीत अर्धा तास, दर पाच मिनिटांनी हलवायचे. मग पुसून, वाळवून तुकडा कानाजवळ धरून वाकवायचा. आत वाळू उरली असेल तर करकर ऐकू येते. डोळ्यांना चकाकणारी चेन कानाला मळकी निघू शकते, हे अब्बांनीच शिकवलेले.

पहिला होता फवाऱ्याचा डबा, आत पेट्रोलियमपासून केलेला द्रव. त्याने सर्वांत लवकर साफ केले आणि लगेच वाळला. भाऊ खूश. पण दुकान सहा बाय आठ फुटांचे, समोर चहाच्या टपरीचा गॅस पेटलेला. वाफ डोक्यात चढते आणि फवारा नको तिथेही जातो. फ्रीव्हीलच्या आत गेला तर छऱ्यांचे ग्रीस धुऊन काढतो, मग चाक महिनाभरात खडखडू लागते. डब्याची किंमत तर आहेच. पुष्कळ लोक यासाठी डब्ल्यूडी-४० वापरतात. १९५३ मध्ये अमेरिकेत सान दिएगो येथे ते तयार झाले ते मुळात पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. नावातला 'डब्ल्यूडी' हा पाणी हटवणे या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा संक्षेप, आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न. मळ सैल करायला ते चालते, पण त्यालाच चेनचे तेल समजून सोडून दिले तर चेन लवकरच कोरडी पडते.

दुसरा संत्र्याच्या सालीच्या तेलाचा. यात नवल नाही. संत्र्याची साल मेणबत्तीसमोर पिळली की ठिणग्या उडतात, हा खेळ आपण सगळ्यांनी खेळलेला आहे. ते उडणारे तेल म्हणजे मुख्यतः लिमोनीन, आणि ते ग्रीसला रॉकेलइतकेच चांगले विरघळवते. वास तर असा की अम्मी दुकानात डोकावून गेली. पण साल ठिणगी देते याचा अर्थ ते पेटतेही. हवेत जुने झालेले लिमोनीन काहींच्या कातडीला पुरळ आणते. काही प्लास्टिक आणि स्टिकर त्याने सैल होतात. 'फळापासून बनलेले' म्हणजे निरुपद्रवी, असे मानायचे कारण नाही.

तिसरा पाण्यात मिसळायचा, अल्कधर्मी. याला वेळ लागला, ब्रश लागला, पण करकर जवळजवळ गेली. इथे एक गोष्ट सांगायला हवी. खाद्यतेलाचा डाग सोड्याने निघतो कारण सोडा आणि तेल मिळून साबण होतो. खनिज तेलाचा साबण होत नाही. म्हणून या बाटलीतले खरे काम साबणासारखे रेणू करतात. त्यांचे एक टोक तेल धरते, दुसरे पाणी धरते, आणि मळ पाण्याबरोबर निघून जातो. द्रव जास्त कडक केला, तर चेन अधिक साफ होण्याऐवजी ॲल्युमिनियम मात्र काळे पडते. चौथा म्हणजे भांडी घासायचा साधा द्रव. घट्ट ग्रीसपुढे तो एकटा हरला, पण शेवटच्या धुण्याला उत्तम ठरला. मात्र त्यात दाटपणासाठी मीठ घातलेले असू शकते, म्हणून नंतर स्वच्छ पाणी हवेच.

गिऱ्हाइके आणखीही उपाय सुचवतात. डिझेल वापरा म्हणतात. ते मळ काढते, पण मागे चिकट थर आणि हाताला तोच त्रास ठेवते. कोणी फरशीचे ॲसिड म्हणतो. ते कधीही नको. ॲसिडमुळे सुटलेला हायड्रोजन कडक केलेल्या पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ करतो. वरून चकचकीत दिसणारी पट्टी चढावर जोर लावताच तडकू शकते, आणि चेन तुटली की माणूस तोंडावर आपटतो. खोबरेल तेलाने चेन मऊ ठेवणारेही आहेत. खाद्यतेल हवेत हळूहळू चिकट होते, मग त्या डिंकात धूळ अडकते.

भावाचे म्हणणे चुकीचे नव्हते. "गिऱ्हाईक खडा रहता आपा. पाँच मिनिट में चमकना मंगता." दिवसाला आठ सायकली केल्या तर घर चालते. पाण्याच्या पद्धतीने पाचच होतात. आणि पाणी तरी कुठे फुकट आहे? सोलापूरकरांनी वर्षानुवर्षे चार-चार दिवसांआड नळाचे पाणी भरलेले आहे. बादलीभर पाणी चेनवर ओतायचे म्हटले की अम्मीच्या कपाळाला आठी पडते. मी हिशेब मांडला. एकच बादली न ओतता दोन मग वापरायचे, एक धुण्याला आणि एक खंगाळायला. खंगाळलेले पाणी पुढच्या चेनच्या पहिल्या धुण्याला घ्यायचे.

दुसरा प्रश्न घाणीचा. बाटलीवर लिहिलेले असते की द्रव निसर्गात विघटित होतो. ते बाटलीतल्या द्रवाविषयी खरे असेल. चेन धुतल्यावर त्यात जुने ऑइल आणि लोखंडाचा चुरा येतो, त्याची हमी बाटली देत नाही. दुकानाबाहेर जिथे वर्षानुवर्षे परात उपडी केली जाई, तिथे पावसाळ्यातही गवताची काडी उगवलेली मी पाहिलेली नाही. आता धुतलेले पाणी डब्यात उभे राहते. वर आलेले तेल चिंधीने टिपायचे, तळाचा गाळ वेगळा काढायचा, उरलेले पाणी ड्रेनेजला. मातीत काही नाही.

शेवटी अब्बांना विचारले. ते आता दुकानात फक्त बसायला येतात. त्यांनी चारही तुकडे कानाजवळ वाकवून पाहिले, मग म्हणाले, "लोहे को रोज नहलाते नइं बेटा. पोंछते." निम्मे उत्तर त्यातच होते. ज्या चेनला आठवड्याला कोरड्या फडक्याने पुसून घेतले आणि दर रोलरवर एकेक थेंब तेल देऊन बाहेरचे परत पुसले, तिला डिग्रीजर क्वचितच लागतो. नव्या चेनला तर लावूच नये. कारखान्यातून आत भरून आलेले ग्रीस सर्वांत चांगले असते, ते धुऊन काढणे म्हणजे पदरचे खर्च करून नुकसान घेणे.

तेव्हा दुकानात आता अशी पद्धत आहे. साधी सायकल आली की फडके आणि तेल. मळ जास्त असेल तर तिसऱ्या बाटलीतला द्रव, पाण्यात पातळ करून, ब्रशने, फक्त चेनवर आणि दातांवर. फ्रीव्हीलचे तोंड खाली ठेवायचे नाही, ब्रेकवर प्लास्टिकची पिशवी बांधायची. मग खंगाळणे, फडके, ऊन. सोलापुरात उन्हाची तरी टंचाई नाही. पूर्ण वाळल्यावर तेल. ओल्या चेनवर तेल घातले तर ओल आतच कोंडते. फवाऱ्याचा डबा कपाटात आहे, खुल्या अंगणात आणि तातडीच्या कामासाठी. हाताला ग्रीस लागलेच तर आधी चमचाभर गोडे तेल चोळायचे, मग साबण. तेलाने तेल निघते, त्यासाठी रॉकेल लागत नाही. वजूलाही अडचण येत नाही.

यात दिवसाला एक सायकल कमी होते. भावाने धुण्याचे दर थोडे वाढवले आहेत आणि जो विचारेल त्याला अब्बांची पट्टी लावून दाखवतो. काही गिऱ्हाइके पुढच्या दुकानात गेली, काही परत आली.

दुकानाच्या खिळ्यावर रबरी हातमोज्यांचे दोन जोड टांगलेले असतात. एक भावाचा, दुसरा त्याच्या मुलाचा. भाचा अकरावीत आहे, सुट्टीत दुकानात बसतो. मोज्यांनी घाम येतो, बारीक पिन चिमटीत धरता येत नाही म्हणून तो कुरकुरतो. मी ऐकून घेते आणि मोजे घालायला लावते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रेशन आणायला आता तोच जातो. यंत्रावर अंगठा ठेवतो आणि यंत्र त्याला पहिल्या झटक्यात ओळखते. चार बाटल्यांमधून एक निवडताना मी चेनची करकर ऐकली, पाणी मोजले, पैसे मोजले. पण निवड ठरली ती या अंगठ्यावर. तो आणखी चाळीस वर्षांनीही ओळखला गेला पाहिजे.